वाचताना अडखळणाऱ्या एका मुलासोबत सोळा आठवडे: आंतरवासितेतलं वाचन-प्रात्यक्षिक कसं करावं

बी.एड., डी.एल.एड. किंवा शिक्षणशास्त्रातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एका मुलाच्या वाचनाचा व्यक्ति-अभ्यास करायला सांगतात. अशा फायली मी दरवर्षी तपासते. निम्म्याहून जास्त फायलींत एकच मजकूर असतो: ‘विद्यार्थ्याला जोडाक्षरे येत नाहीत. उपाय म्हणून जोडाक्षरांचा सराव घेतला. विद्यार्थ्यात प्रगती दिसून आली.’ कुठली जोडाक्षरं, कुठल्या शब्दात, वाचताना की लिहिताना, आणि प्रगती कशावरून म्हणायची, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ही मुलं-मुली कामचुकार नाहीत. त्यांचा क्रम चुकतो. मूल कसं वाचतं ते ऐकण्याआधीच ती शिकवायला बसतात. त्यामुळे खाली शिकवण्यापेक्षा ऐकण्यावर आणि टिपण्यावर जास्त लिहिलं आहे.

१. शाळेत जाण्याआधी: दिनदर्शिका घेऊन बसा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासिता म्हणून एकूण वीस आठवडे शाळेत जायचं असतं, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. सोळा म्हणजे भरपूर वाटतात. पण गणपती, दिवाळीची सुट्टी, सत्र परीक्षा, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि तुमचे स्वतःचे निरीक्षणाचे पाठ वजा केले की मुलासोबत बसायला जेमतेम दहा आठवडे मिळतात, असं धरूनच आखणी करा. पहिला दीड आठवडा परवानगी आणि ओळख, पुढचा दीड नोंदी, मग सलग शिकवणं आणि शेवटचा एक आठवडा पुन्हा नोंदी. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा चार वेळा अर्धा तास बसणं कितीतरी चांगलं. वाचन शिकणारं मूल आठवड्याच्या खंडात बरंच विसरतं.

परवानगी दोघांची हवी: मुख्याध्यापकांची लेखी, आणि पालकांची. पालकांना फॉर्मवर नुसती सही करायला लावू नका. ‘तुमच्या मुलीसोबत मी रोज अर्धा तास वाचायला बसणार आहे, तिची परीक्षा नाही, गुण नाहीत,’ हे तोंडाने सांगा. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर तेही सांगा आणि काम झाल्यावर तो पुसून टाका. फायलीत मुलाचं खरं नाव कुठेच येऊ देऊ नका, अगदी चिकटवलेल्या वहीच्या पानावरही.

तपासा: ज्या तासाला तुम्ही मुलाला बाहेर नेणार तो खेळाचा किंवा चित्रकलेचा तर नाही ना? आवडीचा तास हिरावून घेतलात तर पहिल्याच दिवशी मूल तुमच्यापासून दुरावेल. मधल्या सुट्टीतही नको, पोषण आहाराची वेळ मुलाची आहे.

२. मूल निवडताना

वर्गशिक्षकांना ‘सर्वांत कच्चं मूल कोणतं?’ असं विचारू नका. ज्याची वर्षभर गैरहजेरी आहे किंवा जे घरच्या मोठ्या अडचणीत आहे, अशा मुलाचं नाव त्यावर हमखास येतं, आणि सोळा आठवड्यांत ते तुमच्यासमोर दहा वेळाही बसत नाही. असं विचारा: ‘रोज येतं, बोलायला चुणचुणीत आहे, पण वाचायला दिलं की मागे सरतं, असं कोण आहे?’ या वर्णनाचं मूल बहुतेक वर्गांत सापडतं. बी.एड.वाल्यांना ते सहावी-सातवीतही सापडेल. मूल मोठं असेल तर एक काळजी जास्त घ्यावी लागते. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात पहिलीचं पुस्तक द्यायचं नाही. मैत्रिणींनी पाहिलं की तिला मान वर करता येत नाही.

निवड झाली की सगळ्यात आधी डोळे आणि कान. फळा दिसतो का, पुस्तक नाकाशी धरतं का, मागून हळू हाक मारली तर वळतं का, हे पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत येत असतं. शेवटच्या तपासणीत काय निघालं होतं, ते शाळेला विचारा. चष्मा लागलेल्या मुलाला तीन महिने मात्रा शिकवल्याची फाइल मी पाहिली आहे.

सावधान: ‘डिस्लेक्सिया’ (वाचनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता) हा शब्द तुमच्या फायलीत निष्कर्ष म्हणून येता कामा नये. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदलेली बाब आहे आणि तिचं निदान तज्ज्ञ करतात. शंका आली तर तुमच्या नोंदींसह मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोला आणि शाळेमार्फत पालकांना तपासणीचा मार्ग दाखवा. तुमचं काम तेवढंच.

३. पहिले दोन दिवस: नुसती ओळख, मग ढोबळ स्तर

पहिल्या दिवशी काहीही वाचायला लावू नका. गप्पा मारा आणि एक गोष्ट तुम्ही वाचून दाखवा. घरी कोणती भाषा बोलतात ते याच दिवशी कळतं, आणि ती माहिती पुढे फार कामाला येते. नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, पालघरकडे वारली, खानदेशात अहिराणी, विदर्भात वऱ्हाडी. ‘मातृभाषा: मराठी’ असं डोळे झाकून लिहू नका.

दुसऱ्या दिवशी ढोबळ स्तर पाहा. त्यासाठी ‘असर’ या देशभरातल्या वाचन-गणित सर्वेक्षणाची चाचणी पुरेशी आहे: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. ते अक्षरांपासून सुरू करतात. या चाचणीत सुरुवात परिच्छेदापासून होते. तो जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्दांवर यायचं, मग अक्षरांवर. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर. दहा मिनिटांत हे उरकतं. पण ही चाचणी मूल कुठल्या पायरीवर आहे एवढंच सांगते. त्या पायरीवर ते का अडलं आहे, हे पुढच्या टप्प्यात कळतं. पुष्कळ फायली इथेच थांबतात आणि लगेच ‘उपाययोजना’ सुरू करतात.

४. वाचन-नोंद: या टप्प्यावर घाई नको

न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. मूल मोठ्याने वाचतं आणि तुम्ही समोरच्या प्रतीवर शब्दाशब्दाला खूण करत जाता. लागतं काय, तर मजकुराच्या दोन प्रती, पेन्सिल आणि गप्प राहण्याची सवय. यातलं तिसरं सगळ्यात अवघड.

मजकूर ८० ते १०० शब्दांचा, मुलाने आधी न वाचलेला हवा. चालू पाठ्यपुस्तकातला धडा घेऊ नका. वर्गात चार वेळा ऐकलेला धडा मूल पाठ म्हणतं आणि तुम्हाला ते वाचन वाटतं. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या पातळीवार मराठी गोष्टी किंवा दुसऱ्याच एखाद्या इयत्तेचं जुनं पुस्तक यातून उतारा निवडा. चित्र असेल तर नोंदीच्या वेळी झाका, नाहीतर बेडकाचं चित्र पाहून ‘बेडूक’ येतं. मूल अक्षरांच्याच पायरीवर असेल तर उतारा देऊन त्याला लाजवू नका. वीस शब्दांची यादी घ्या आणि थेट सातव्या टप्प्यातल्या तक्त्याकडे जा.

खुणा साध्या ठेवा. बरोबर शब्दाला टिक. वेगळा वाचला तर वाचला तसा वर लिहा. गाळला तर आडवी रेघ. चुकून स्वतःच सुधारला तर ‘स्व’. अडला आणि तुम्ही सांगितला तर ‘सां’. बोलीप्रमाणे उच्चारला तर ‘बो’. ही शेवटची खूण मराठीसाठी आपण घातलेली आहे आणि ती का लागते ते लगेच दिसेल.

मूल अडलं की मनात पाच आकडे मोजा. मोजून झाल्याशिवाय तोंड उघडू नका. ‘अं… बघ बरं पुन्हा… पहिलं अक्षर कोणतं?’ असं काहीही म्हणायचं नाही, तसं म्हटलं की ती नोंद राहत नाही, शिकवणी होते. चुकीच्या शब्दावर भुवई वर गेली तरी मूल ओळखतं. तुमचा चेहरा सगळ्या शब्दांना सारखा राहायला हवा.

एक छोटा नमुना पाहू. मजकूर असा:

‘सकाळी आजोबा विहिरीवर गेले. दोर बांधून त्यांनी बादली खाली सोडली. बादली वर आली तेव्हा तिच्यात पाण्याबरोबर एक छोटा बेडूक होता. आजोबांनी त्याला अलगद गवतावर ठेवले.’

पाचवीतल्या एका मुलीने ‘विहिरीवर’चं ‘विहिरीत’ वाचलं. ‘तेव्हा’पाशी ‘ते… ते…’ करत थांबली, शेवटी शब्द सांगावा लागला. ‘पाण्याबरोबर’ला आधी ‘पानी’ म्हणाली, मग मागे येऊन ‘पाण्याबरोबर’ असं नीट वाचलं. ‘अलगद’चं ‘अगलद’ झालं. आणि ‘ठेवले’चं ‘ठेवलं’.

आता मोजा. शब्द पंचवीस. चुका तीन: विहिरीत, सांगितलेला ‘तेव्हा’ आणि अगलद. स्वतः सुधारलेला शब्द चूक धरत नाहीत, पण त्याची खूण ठेवतात. ‘ठेवलं’ ही चूकच नाही. तिने छापील रूप वाचलं, अर्थ लावला आणि ती बोलते त्या रूपात म्हटलं. पंचवीसपैकी बावीस, म्हणजे ८८ टक्के. हेच वाचन ‘पाच चुका’ म्हणून मोजलं असतं तर ८० टक्के आले असते, आणि नीट अर्थ लावणाऱ्या मुलीवर ‘लक्ष देऊन वाचत नाही’ असा शेरा बसला असता.

साधारण ठोकताळा असा: ९५ टक्के किंवा जास्त आले तर तो मजकूर मूल एकट्याने वाचू शकतं. ९० ते ९४ म्हणजे तुमच्या मदतीने शिकण्याजोगा. ९०च्या खाली गेला तर मजकूर जड आहे, तो सोडा आणि सोपा घ्या. हे आकडे इंग्रजी वाचनावरून आलेले आहेत, म्हणून मराठीत त्यांच्याकडे कुंपणासारखं पाहायचं, भिंतीसारखं नाही. आणि पंचवीस शब्दांवर टक्केवारी काढू नका. इथे नमुना म्हणून काढली. फायलीतली नोंद लांब उताऱ्यावरच हवी, आणि एक नव्हे, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तीन.

वेगाबद्दल थोडं. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द असं लक्ष्य आहे. घड्याळ लावायला हरकत नाही, पण मराठीत ‘घर’ हाही एक शब्द आणि ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हाही एकच शब्द. दोन वेगळ्या उताऱ्यांवरचे वेग शेजारी मांडून ‘प्रगती’ दाखवायची असेल तर आधी दोन्ही उताऱ्यांतले शब्द सारख्याच लांबीचे आहेत का ते पाहा.

सावधान: नोंद समोर बसूनच करायची. ‘घरी जाऊन आठवून लिहीन’ म्हटलं की आपल्याला मोठ्या चुका आठवतात आणि ‘स्व’च्या खुणा हमखास विसरतात.

५. नोंद वाचणं: चुका मोजायच्या नाहीत, त्यांच्याशी बोलायचं

आता वरच्या नमुन्याकडे परत या. ‘तेव्हा’पाशी अडली म्हणून ‘जोडाक्षरे येत नाहीत’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण तिने ‘त्यांनी’ वाचलं, ‘तिच्यात’ वाचलं, ‘त्याला’ वाचलं, सुधारून का होईना, ‘पाण्याबरोबर’ही वाचलं. म्हणजे ‘य’ची जोडणी तिच्या ओळखीची आहे. अडला तो ‘व्ह’. तिला पन्नास जोडाक्षरांचा तक्ता गिरवायला देणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला सगळ्या अंगाला पट्टी बांधणं. तिला हवेत जेव्हा, तेव्हा, केव्हा, चव्हाण, जिव्हाळा.

‘विहिरीत’ काय सांगतं? शब्दाचा मुख्य भाग तिने वाचला आणि शेवट अंदाजाने लावला. मराठीत शब्दाच्या शेपटीतच बरंच सांगितलेलं असतं: विहिरीवर, विहिरीत, विहिरीपासून. तिला शेवटापर्यंत नजर नेण्याचा सराव हवा. ‘अलगद’ हा शब्द तिने पूर्वी ऐकला होता का, हे वाचन संपल्यावर विचारा. ऐकलाच नसेल तर अक्षरांची उलटापालट होणं साहजिक आहे, तो दोष अक्षरओळखीचा नाही. ‘पानी’पासून ‘पाण्याबरोबर’पर्यंतचा प्रवास मात्र या नोंदीतली सगळ्यात चांगली बातमी आहे. तिला कळलं की जमत नाहीये, आणि ती स्वतः मागे आली. फायलीत हे वाक्य ठळकपणे लिहा. बहुतेक जण मुलाला काय येत नाही तेवढंच लिहितात.

बोलीचा मुद्दा वेगळा सांगते, कारण इथे मुलांवर अन्याय होतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं मूल ‘ण’ ओळखत नाही असं नाही. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘शाळा’ची ‘शाया’. खात्री करायची असेल तर ‘ण’ आणि ‘न’ची कार्डं समोर ठेवून ‘यातलं बाणातलं कोणतं?’ विचारा. बरोबर कार्ड उचललं तर विषय संपला. मूल वाचत असताना उच्चार दुरुस्त करत बसलात तर ते हळूहळू गप्प होतं.

तपासा: प्रत्येक चुकीसमोर तुम्ही ‘का?’चं उत्तर लिहिलं आहे का? आणि मुलाला काय येतं, याची किमान तीन वाक्यं आहेत का?

६. ऐकून कळतं का ते पाहा

हा टप्पा सर्रास गाळला जातो. त्याच पातळीचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा: दोन सरळ, एक ‘का’चा, एक ‘पुढे काय होईल’चा. मुलाला त्याच्या भाषेत उत्तर देऊ द्या.

गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६मध्ये मांडलेलं साधं सूत्र इथे उपयोगी पडतं: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. ऐकून सगळं कळतं पण वाचून नाही, तर काम लिपीवर करायचं. घडाघडा वाचतं पण ऐकूनही अर्थ लागत नाही, तर मात्रा कितीही घोटून उपयोग नाही. तिथे शब्द, गप्पा आणि गोष्टी हव्यात. घरी कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत या टप्प्याशिवाय पुढे गेलात तर तीन महिने भलत्याच जागी खणत बसाल.

७. अक्षरांचा तक्ता

मुळाक्षरं आणि मात्रा यांचा चौकटींचा कागद करा. क्रमाने विचारू नका. ‘क ख ग घ’ मुलाला गाण्यासारखं येतं, आणि ‘घ’ एकटा दाखवला की ‘ध’ म्हणतं. कार्डं पिसून दाखवा. बाराखडीचंही तसंच: ‘का, कि, की’ म्हणता येणं आणि ‘मी’, ‘दु’, ‘सो’ वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही जागा मुद्दाम तपासा. दिसायला जवळची अक्षरं: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष. पहिली वेलांटी, जी अक्षराच्या आधी दिसते पण नंतर उच्चारायची असते: ‘कविता’चं ‘किवता’ होतं ते यामुळे. रफार, जो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण आधी उच्चारला जातो: ‘वर्ग’चं ‘वग’ किंवा ‘वग्र’. मोठ्या मुलांसाठी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. या दोन शब्दांना वाक्यात घालून वाचायला द्या, मूल कुठे आहे ते लगेच कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ आपण वेगवेगळा उच्चारतो, पण लिहितो एकच. ‘चार’मधला ‘च’ लावून मूल ‘चाक’ वाचतं आणि त्याला शब्द ओळखू येत नाही. तसंच ‘बदक’ सुटं सुटं ‘ब, द, क’ वाचलं की शेवटच्या ‘क’ला पूर्ण ‘अ’ लागतो आणि पक्षी हरवतो. अशा वेळी अक्षर येत असतं, शब्दापर्यंतचा शेवटचा धागा जुळत नसतो. ‘आता पटकन म्हण, असा शब्द कुठे ऐकलायस?’ एवढं विचारायचं.

८. उद्दिष्ट लिहा, आणि ते लहान ठेवा

‘वाचन कौशल्याचा विकास करणे’ हे उद्दिष्ट दहा आठवड्यांत कुणालाच गाठता येणार नाही आणि गाठलं की नाही तेही कळणार नाही. असं लिहा: ‘सहा आठवड्यांनंतर ती न पाहिलेल्या ८० शब्दांच्या उताऱ्यात शब्दांचे शेवट (वर, त, ला, ने, पासून) न बदलता वाचेल आणि व्ह, ष्ट, स्त असलेले शब्द न थांबता वाचेल.’ तीनहून जास्त उद्दिष्टं नकोत. मार्गदर्शकांना ही उद्दिष्टं नोंदींच्या कागदांसह दाखवा आणि त्यांची सही घेतल्यावरच पुढच्या टप्प्याला हात घाला.

९. रोजचा अर्धा तास

वेळ अशी वाटून घ्या. पहिली पाच मिनिटं कालचंच पुन्हा वाचायचं, जमणारं. मग आठ मिनिटं ठरलेली अक्षरं, मात्रा किंवा जोडणी. पुढची सात मिनिटं लिहिणं. शेवटची दहा नवं वाचन, कधी मुलाने, कधी तुम्ही. वेळ कमी पडली तर अक्षरांची आठ मिनिटं कापा, शेवटची दहा कापू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि मूल आठवडाभर एकही पूर्ण वाक्य वाचत नाही.

अक्षरं नव्याने शिकवायची असतील तर वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. चार-पाच अक्षरं आणि एक-दोन मात्रा असा गट घ्या, म्हणजे पहिल्याच आठवड्यात खरे शब्द वाचता येतात. क, म, ल, न, ब आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, लाल, नाक, कान, कमान, बाक होतात. फलटणची प्रगत शिक्षण संस्था, पालघर जिल्ह्यातली क्वेस्ट ही संस्था यांचं या दिशेचं काम जाऊन पाहता आलं तर जरूर पाहा. जवळच्या दिसणाऱ्या जोड्या, म्हणजे घ-ध किंवा भ-म, एका गटात कधीच आणू नका. एक पक्कं होईपर्यंत दुसऱ्याला आठवडाभर थांबवा.

लिहिताना श्रुतलेखनाचे गुण देऊ नका. शब्द तुम्ही म्हणा, मुलाला हळू म्हणायला सांगा, त्यातले आवाज सुटे करायला सांगा, आणि मग लिहू द्या. ‘जेव्हा’ लिहिताना मूल ‘जे… व्… हा’ असं तोंडात घोळवतं, तेव्हा त्याला ती जोडणी डोळ्यांपेक्षा कानाने आधी सापडते.

मोठ्या वयाच्या मुलांसाठी सगळ्यात चांगला मजकूर त्यांच्याच तोंडचा. मुलगी सांगेल: ‘आमच्या शेळीला दोन पिलं झाली. येक काळं हाय अन् येक पांढरं.’ तुम्ही ते तिच्यासमोर लिहा, तिने म्हटलं तसंच. ‘येक’चं ‘एक’ करायचं नाही, ‘हाय’चं ‘आहे’ करायचं नाही, निदान पहिल्या फेरीत. बोललेलं कागदावर जसंच्या तसं उतरतं, हे तिच्या डोळ्यांना दिसणं महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी तिने ते वाचून झालं की शेजारी ‘पुस्तकात असं लिहितात’ म्हणून दुसरं रूप मांडा. अशा पंधरा पानांची वही झाली की तिच्याकडे स्वतःचं पुस्तक असतं, आणि ते पहिलीचं दिसत नाही.

सावधान: शिक्षककक्षाच्या दारात बसू नका. येणारे-जाणारे ‘हिला घेतलंय होय, हिला काही येत नाही’ असं सहज बोलून जातात, आणि तुमचा त्या दिवसाचा तास तिथेच संपतो. व्हरांड्याचं टोक, ग्रंथालयाचा कोपरा, झाडाखालचा पार, कुठेही चालेल. एक वर्गमैत्रीण सोबत घेतली तर आणखी बरं.

१०. दर दुसऱ्या शुक्रवारी

पंधरा दिवसांनी एक वाचन-नोंद, नव्या उताऱ्यावर. दोन नोंदींत ठरलेल्या जागी काहीच हललं नाही तर रीत बदला, मुलाला दोष देऊ नका. अक्षरं वाढतात पण वाचन अडखळतंच, असं दिसलं तर मजकूर जड असतो, एक पायरी खाली या. चुका तेवढ्याच पण ‘स्व’च्या खुणा वाढल्या तर काम बरोबर चाललं आहे.

तपासा: तासानंतर पाच ओळींची टीप त्याच दिवशी लिहिली का? शेवटच्या आठवड्यात एकाच शाईने लिहिलेल्या तीस टिपा परीक्षकाला पहिल्या पानावरच ओळखू येतात.

११. शेवटची नोंद आणि अहवाल

पहिल्या वेळी घेतला तोच उतारा पुन्हा घेऊ नका, आणि त्याहून सोपाही नको. शब्दांची लांबी, जोडाक्षरांची संख्या आणि विषयाची ओळख या तिन्ही बाबतींत जुळणारा नवा उतारा घ्या. तो पहिल्याच आठवड्यात शोधून पाकिटात बंद करून ठेवलात तर मोहाला जागा राहत नाही.

अहवालात खुणा केलेल्या मूळ प्रती जोडा, नीटनेटक्या उतरवलेल्या नव्हे. जे जमलं नाही तेही लिहा: ‘रफाराचे शब्द वाचताना अजून थांबते’ हे वाक्य फायलीची किंमत वाढवतं. टक्केवारी द्या, पण तिच्याशेजारी एक खरा शब्द ठेवा: पहिल्या आठवड्यात ‘तेव्हा’ सांगावा लागला, दहाव्यात ‘केव्हातरी’ स्वतः वाचला.

फाइल जमा करण्याआधी वर्गशिक्षकांसाठी एक पान लिहा: मुलाला काय येतं, आता कशावर काम करायचं, कुठले उतारे झेपतात. पालकांना शाळेत किंवा घरी भेटा आणि मुलीला त्यांच्यासमोर तिच्या वहीतलं एक पान वाचू द्या. कोणतं, ते तिला निवडू द्या. वही तिच्याकडेच राहील. फायलीला फोटोप्रत लावा.